नळी काढण्यापूर्वी



पक्षाघाताच्या रोग्याला भेटण्यासाठी जो कोणी रुग्णालयात गेला असेल, त्याने ती नळी पाहिलेली असेल. नाकपुडीतून बाहेर आलेली, गालावर चिकटपट्टीने बसवलेली, टोकाला टोपण लावलेली अशी ही बारीकशी नळी असते. दर दोन-तीन तासांनी तिच्यातून दूध, पातळ पेज, फळांचा रस आणि कुटून पाण्यात कालवलेली औषधे रोग्याच्या पोटात सोडली जातात. घरची माणसे डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘जीव वाचेल ना?’ असा. जीव वाचणार हे एकदा नक्की झाले की, दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘ही नळी केव्हा काढणार?’

आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. वरवर पाहता तो अगदी साधा दिसतो. नळी घालायला थोडे कौशल्य लागते, पण काढायला काहीच लागत नाही. चिकटपट्टी सोडवून हलक्या हाताने ओढली की झाले. तरीही या प्रश्नाचे उत्तर देताना डॉक्टरांच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्या दोन्ही माझ्याही हातून झालेल्या आहेत. पहिली चूक नळी फार लवकर काढण्याची, दुसरी ती फार उशिरापर्यंत ठेवण्याची. पहिलीने रोग्याच्या जिवावर बेतते; दुसरीने त्याचे जगणे विनाकारण रुक्ष होते. या दोहोंच्या मधली वाट एकच आहे, आणि ती म्हणजे नळी काढण्यापूर्वी रोग्याच्या गिळण्याची नीट परीक्षा करणे.

पहिल्या चुकीची हकीकत आधी सांगतो. मी तेव्हा नुकताच डॉक्टर झालो होतो. बासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक डाव्या अंगाला पक्षाघात होऊन आमच्या कक्षात दाखल झाले होते. त्यांची वाचा शाबूत होती. आठव्या-नवव्या दिवशी ते उठून बसू लागले, नातवाला पाढे विचारू लागले आणि येताजाता प्रत्येकाकडे पाणी मागू लागले. त्यांचा मुलगा मला म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, बाबा इतके छान बोलताहेत, आता त्यांना दोन घास तोंडाने खाऊ द्या ना.’ मी चमच्याने पाणी पाजून पाहिले. त्यांना ठसका लागला नाही. खोकला नाही म्हणजे धोका नाही, असा निष्कर्ष काढून मी नळी काढायला सांगितली. त्या संध्याकाळी त्यांनी आवडीने शिरा खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायले. घरच्यांना झालेला आनंद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चौथ्या दिवशी त्यांना ताप चढला, श्वास वाढला आणि उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसू लागला. ते वाचले, पण त्यांचे आणखी पाच आठवडे रुग्णालयात गेले. पुढे त्यांच्या गिळण्याचे क्ष-किरण चित्रण केले तेव्हा दिसले ते असे : पाण्याच्या प्रत्येक घोटातला काही भाग स्वरतंतूंच्या खाली श्वासनलिकेत उतरत होता, आणि ते स्वस्थ बसून पुढचा घोट घेत होते. त्यांना काही जाणवतच नव्हते.

माझे काय चुकले हे समजण्यासाठी गिळण्याची क्रिया थोडी समजून घेतली पाहिजे. निसर्गाने आपल्या घशात एक अवघड चौक बांधून ठेवला आहे. हवेचा मार्ग आणि अन्नाचा मार्ग या ठिकाणी एकमेकांना छेदतात. हवा पुढच्या बाजूला श्वासनलिकेत जायची असते. अन्न मागच्या बाजूला अन्ननलिकेत. घास जिभेने मागे ढकलला की मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळलात तर ही हालचाल आपल्याला जाणवेल. त्याच वेळी स्वरतंतू एकमेकांना मिटून बसतात, स्वरयंत्रावरची झडप खाली झुकते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे एरवी बंद असलेले तोंड उघडते. घशातला हा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात उरकतो. त्यासाठी पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या आणि मस्तिष्क-तंत्रिकांच्या पाच जोड्या एका लयीत काम करतात, आणि या लयीचे सूत्र मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या हाती असते. जागेपणी आणि झोपेतही आपण दिवसातून शेकडो वेळा आवंढा गिळतो. परंतु त्याची दखल आपण फक्त ठसका लागल्यावर घेतो.

ठसका हा या चौकातला पहारेकरी आहे. अन्नाचा कण चुकीच्या वाटेला लागला की, तिथल्या संवेदना मेंदूला खबर देतात आणि खोकल्याचा झटका त्या कणाला बाहेर फेकतो. पक्षाघातात केवळ स्नायूच दुबळे होतात असे नव्हे. पुष्कळदा हा पहारेकरीही झोपी जातो. मग अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते, पण रोगी खोकत नाही, दचकत नाही आणि तक्रारही करत नाही. याला आपण मूक शिरकाव म्हणू. त्या शिक्षकांच्या बाबतीत हेच घडत होते. त्यांच्या स्पष्ट बोलण्याने मी फसलो, आणि त्यांच्या न खोकण्याने अधिकच फसलो.

या शिरकावाची मोजदाद करण्यासाठी जॉन रोझेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली आठ पायऱ्यांची एक श्रेणी तयार केली. काहीही श्वासमार्गात न जाणे ही पहिली पायरी. आठवी आणि सर्वांत वाईट पायरी कोणती, तर पदार्थ स्वरतंतूंच्या खाली गेला असूनही रोगी तो बाहेर टाकण्याचा काहीच प्रयत्न करत नाही, ही. जोरजोराने खोकणारा रोगी या श्रेणीत शांत रोग्यापेक्षा बरा ठरतो. जे घरच्यांना शुभचिन्ह वाटते, तेच कधीकधी सर्वांत मोठे संकट असते.

आता या नळीविषयी दोन शब्द. गिळता न येणाऱ्या रोग्याला नळीने अन्न देण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रोग्याची हकीकत 1790 साली सांगितली. देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीवर वाम माशाच्या जातीतील ईल या माशाचे कातडे चढवून त्यांनी नळी बनवली आणि तिच्या वाटे त्या रोग्याच्या पोटात अन्न व औषध पोहोचवले. पुढे तो रोगी स्वतः गिळू लागला. आपल्या रुग्णालयांत जिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात, तिला जॉन राइल या इंग्रज वैद्याचे नाव मिळाले आहे. त्यांनी 1921 साली ती जठररस तपासण्यासाठी वापरली होती. पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याची, दुर्बिणीच्या साहाय्याने करण्याची पद्धत मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे 1979 साली प्रथम वापरली. महिनोन्‌महिने नळी लागणार असेल तर नाकातील नळीपेक्षा ही पोटातील नळी अधिक सोयीची पडते.

या दोन्ही नळ्यांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नळी असली की अन्न फुप्फुसात जाण्याची भीती नाही, असे लोकांना वाटते. वस्तुतः नळी अन्नाला घशाच्या चौकातून पलीकडे नेते एवढेच. लाळेला ती अडवत नाही आणि जठरातून वर उसळणाऱ्या अन्नालाही अडवत नाही. म्हणून नळी असलेल्या रोग्यालाही भरवताना आणि नंतर काही वेळ उशाकडून उंच बसवावे लागते, आणि म्हणूनच त्याचे तोंड स्वच्छ ठेवावे लागते. सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, केवळ गिळण्यातल्या दोषामुळे न्यूमोनिया होतोच असे नाही. जो रोगी भरवून घेण्यासाठी आणि दात घासण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे, ज्याचे दात किडलेले आहेत, ज्याला नळीने अन्न दिले जाते, त्याला हा धोका अधिक असतो. लाळ फुप्फुसात जाणे वाईट. पण जंतूंनी भरलेली लाळ जाणे त्याहून वाईट. ज्याला तोंडाने काही खायचे नाही, त्याचे तोंड धुण्याची आठवणही कोणाला राहत नाही, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

तर मग परीक्षा कशी करायची? पहिली गोष्ट म्हणजे ती नळी जागेवर असतानाच करायची. नळी काढून पाहू आणि जमले नाही तर पुन्हा घालू, हा विचार रोग्याला नाहक यातना देतो. योग्य जागी बसलेली बारीक नळी गिळण्यात विशेष अडथळा आणत नाही, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तेव्हा नळीची पाठराखण असताना घशाला कामाला लावता येते.

दुसरी गोष्ट, परीक्षेची सुरुवात पाण्याच्या पेल्याने करायची नसते. आधी रोग्याकडे पाहावे. तो किमान पंधरा मिनिटे जागा आणि सावध राहू शकतो का? आधाराने ताठ बसू शकतो का? साधी सूचना त्याला कळते का? जो अर्धवट गुंगीत आहे त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याची परीक्षा उद्यावर टाकावी. मग लाळेकडे पाहावे. ती ओठांच्या कोपऱ्यातून गळते का? आवाज ओलसर, घशात पाणी साठल्यासारखा घरघरता येतो का? जो स्वतःची लाळ आवरू शकत नाही, तो पाणी आवरणार नाही. नंतर त्याला मुद्दाम खोकायला सांगावे, कारण खोकल्यात जोर असेल तर चुकलेला घास बाहेर पडण्याची आशा असते. जीभ, ओठ, टाळू यांच्या हालचाली पाहाव्यात. तोंड आतून पाहावे आणि स्वच्छ करावे. शेवटी कंठमण्यावर हलकेच बोटे ठेवून आवंढा गिळायला सांगावे आणि स्वरयंत्र वर उचलले जाते की नाही, हे पाहावे.

येथे एक जुनी समजूत बाजूला सारली पाहिजे. घशाच्या मागच्या भिंतीला काडी लावली की रोग्याला उमासा येतो का, एवढे पाहून तो गिळू शकेल की नाही हे ठरवण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. परंतु 1995 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट माणसांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांना असा उमासा येतच नव्हता, असे आढळले. उमासा असणे म्हणजे गिळता येणे नव्हे, आणि उमासा नसणे म्हणजे गिळता न येणेही नव्हे.

या साऱ्यांतून रोगी पार पडला तर मग चमचा हाती घ्यावा. पाणी हा सर्वांत साधा पदार्थ आहे असे आपण समजतो. दुबळ्या घशाला मात्र तोच सर्वांत कठीण असतो, कारण ते वेगाने वाहते आणि घसा सज्ज होण्यापूर्वीच चौकात येऊन पोहोचते. दाट पदार्थ सावकाश सरकतो. म्हणून 2007 साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी मांडलेल्या एका परीक्षेत आधी दाटसर पदार्थ, मग पाणी आणि शेवटी घन पदार्थ असा क्रम ठेवलेला आहे. आपल्याकडे दाटसर पदार्थ म्हणून नाचणीची दाट पेज, घोटलेले दही किंवा गाठी न राहता कुस्करलेले केळे चालू शकते. प्रत्येक चमच्यानंतर थांबावे, रोग्याला ‘आ’ म्हणायला सांगावे आणि आवाज ओला झाला का ते ऐकावे. पाण्याची एक प्रसिद्ध परीक्षा 1992 साली कॅथलीन डीपिप्पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केली. तीत रोग्याला सुमारे 90 मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला देतात. पिताना किंवा त्यानंतरच्या मिनिटात खोकला आला किंवा आवाज ओला झाला, तर पुढील तपासणी आवश्यक ठरते. मी त्या शिक्षकांना दोन-चार चमचे पाणी दिले होते. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

मात्र खाटेजवळची कोणतीही परीक्षा घशाच्या आत पाहू शकत नाही. रोझमेरी मार्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातावरील अनेक अभ्यास एकत्र करून 2005 साली एक बोलका निष्कर्ष मांडला. धावत्या चाचणीत 37 ते 45 टक्के रोग्यांमध्ये गिळण्याचा दोष आढळतो. तज्ज्ञाने खाटेजवळ बारकाईने तपासल्यास 51 ते 55 टक्क्यांमध्ये आणि यंत्राच्या साहाय्याने आत पाहिल्यास 64 ते 78 टक्क्यांमध्ये. म्हणजे आपण जितके नीट पाहू तितका दोष अधिक दिसतो.

आत पाहण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात अन्नात बेरियम मिसळून रोग्याला ते खायला देतात आणि गिळण्याचे क्ष-किरणांनी चलत्‌चित्र घेतात. या तपासणीला शास्त्रशुद्ध रूप देण्यात जेरी लोगमन या अमेरिकन विदुषींचा मोठा वाटा आहे. या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1983 साली निघाला. दुसऱ्या मार्गात नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घशापर्यंत नेतात आणि रोगी खात असताना वरून पाहतात. ही पद्धत लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली प्रसिद्ध केली. ती रोग्याच्या खाटेजवळ करता येते आणि तिला क्ष-किरण लागत नाहीत. या तपासण्यांचा हेतू केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणे हा नाही. कोणता पदार्थ, केवढा घास आणि मानेची कोणती ठेवण या रोग्याला सुरक्षित आहे, ते त्यांतून कळते. काही रोग्यांना हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने फायदा होतो, काहींना होत नाही. पाहिल्यावाचून ते सांगता येत नाही.

या संदर्भात आपल्या घरांतील दोन सवयींचा उल्लेख करतो. ठसका लागला की आपण डोक्यावर थापटी मारून ‘वर बघ’ म्हणतो. आणि भांडे ओठांना न लावता, मान मागे टाकून वरून धार धरून पाणी पितो. निरोगी माणसाचे यात काही बिघडत नाही. पण ज्याचा घसा दुबळा आहे त्याची मान मागे गेली की पाणी आपल्या वजनाने थेट चौकात येऊन आदळते आणि श्वासनलिकेचे तोंड मिटण्यास अवधी राहत नाही. त्याचप्रमाणे पातळ आमटीत कालवलेला भात आपल्याला मऊ आणि पचायला हलका वाटतो. परंतु त्यात पातळ आणि घन असे दोन पदार्थ एकत्र असतात, आणि भात चघळत असतानाच पातळ आमटी पुढे निसटते. अशा रोग्याला तोच भात एकजीव घोटून दाट करून दिला, तर पुष्कळदा चालतो.

पदार्थांच्या दाटपणाला आता एक आंतरराष्ट्रीय परिमाणही मिळाले आहे. त्यात 0 पासून 7 पर्यंत पायऱ्या असून, 0 म्हणजे पाणी आणि 7 म्हणजे नेहमीचे जेवण. पातळ पदार्थाची पायरी ठरवायला महागडे यंत्र लागत नाही. ठरावीक मापाच्या 10 मिलिलिटरच्या पिचकारीत पदार्थ भरून दहा सेकंद गळू द्यायचा आणि मागे किती उरला ते पाहायचे, एवढेच. लहान रुग्णालयातही हे सहज जमण्यासारखे आहे.

आता समजा, परीक्षा झाली आणि रोगी सुरक्षितपणे गिळू शकतो असे ठरले. मग लगेच नळी काढावी का? अजून नाही, असे मी म्हणेन, आणि माझ्या आजच्या बोलण्यातला हाच भाग आपण विशेष लक्षात ठेवावा अशी माझी विनंती आहे. नळी काढण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतात. पहिला प्रश्न, रोगी सुरक्षितपणे गिळतो का? दुसरा प्रश्न, तो पुरेसे गिळतो का? जो सहा चमचे दाट पेज निर्धोकपणे घेतो पण सातव्याला थकतो, त्याचा घसा सुरक्षित आहे, पण पोट उपाशी आहे. त्याची नळी काढली तर न्यूमोनिया होणार नाही. मात्र दोन आठवड्यांत तो वाळेल, त्याला पाणी कमी पडेल, औषधे चुकतील आणि दुबळेपणामुळे गिळण्याची शक्तीही पुन्हा खालावेल.

म्हणून मधले काही दिवस तोंड आणि नळी दोन्ही चालू ठेवतात. दिवसा तोंडाने द्यायचे आणि उणीव रात्री नळीने भरून काढायची. जेवणाच्या वेळेपूर्वी नळीतून अन्न देऊ नये, कारण भरल्या पोटी भूक लागत नाही आणि भुकेवाचून कोणी नीट गिळत नाही. रोग्याने तोंडाने काय आणि किती घेतले, किती वेळ लागला, याची रोज नोंद ठेवावी. आठवड्याला वजन करावे. गरजेच्या सुमारे तीन-चतुर्थांश अन्न आणि पुरेसे पाणी सलग काही दिवस तोंडाने जाऊ लागले, औषधे तोंडाने घेता येऊ लागली, ताप नाही, छाती स्वच्छ आहे, वजन टिकून आहे, अशी स्थिती आली की नळी काढावी, असा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो. पोटातील नळीच्या बाबतीत अधिक सबुरी हवी. ती काढल्यावर छिद्र लवकर बुजते, आणि पुन्हा गरज पडल्यास सारा खटाटोप नव्याने करावा लागतो. नळी निघाल्यावरही पहिले काही दिवस ताप, श्वास आणि आवाज यांवर लक्ष ठेवले पाहिजे.

कधीकधी हा निर्णय रोगी स्वतःच घेतो. रात्री बेसावध क्षणी तो नळी उपसून टाकतो. मग एक तर त्याचे हात बांधून ती पुन्हा घातली जाते, किंवा ‘आता निघालीच आहे तर राहू द्या’ असे म्हटले जाते. दोन्ही उत्तरे अपघाताने मिळालेली असतात. अशा वेळी पहिले काम पुन्हा परीक्षा हेच आहे. कदाचित त्याला नळीची गरज उरलेलीही नसेल.

हे मी अनुभवाने सांगतो, कारण माझी दुसरी चूक नेमकी या प्रकारची होती. पन्नाशीच्या एका बाईंना पक्षाघातानंतर नळी घालून आम्ही घरी पाठवले. त्यांच्या सुनेला नळीतून अन्न कसे द्यायचे ते नीट शिकवले. नळी बदलायला केव्हा यायचे, तेही सांगितले. त्या वेळच्या वेळी येत राहिल्या आणि आम्ही वेळच्या वेळी नळी बदलत राहिलो. आठ महिन्यांनंतर त्यांची सून सहज म्हणाली, ‘डॉक्टर, सासूबाई कधीकधी माझ्या मुलीच्या ताटातला लाडवाचा तुकडा उचलून खातात. मी रागावते, पण त्यांना कधी ठसका लागत नाही.’ ठसका न लागणे पुरेसे नाही, हे तोवर मला कळले होते. आम्ही दुर्बिणीने तपासले. त्यांचे गिळणे जवळजवळ पूर्ववत झालेले होते. केव्हा झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. तीन आठवड्यांत त्यांची नळी निघाली. आठ महिने त्या घरात सर्वांसाठी स्वयंपाक होत होता, आणि त्यांना त्याचा फक्त वास मिळत होता.

पक्षाघातानंतर गिळण्याची शक्ती पुष्कळांची परत येते. बहुतेकांची पहिल्या काही आठवड्यांतच. याचे कारणही उद्‌बोधक आहे. मँचेस्टर येथे शाहीन हमदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले की, घशाच्या स्नायूंवर मेंदूच्या दोन्ही अर्धांचे नियंत्रण असते, पण ते सारखे नसते. ज्या अर्धाचे नियंत्रण मोठे तो दुखावला की गिळणे बिघडते. आणि निरोगी अर्ध हळूहळू ते काम अंगावर घेऊ लागला की ते सुधारते. म्हणजे घशाची स्थिती स्थिर नाही, ती बदलत राहते. म्हणून एकदा केलेली परीक्षा कायमची नव्हे. पहिल्या आठवड्यात अनुत्तीर्ण झालेल्या रोग्याला तिसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात पुन्हा विचारले पाहिजे. नळी घालतानाच पुढील परीक्षेची तारीख कागदावर लिहून द्यावी, हा धडा मी त्या सुनेकडून शिकलो.

एका प्रसंगी मात्र प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत गिळणे सुधारण्याची आशा नसते. अशा रोग्यांचे आयुष्य नळीमुळे वाढते किंवा त्यांचा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा मिळालेला नाही. म्हणून नळीपेक्षा मायेच्या माणसाने शांतपणे, थोडे थोडे हाताने भरवावे, असाच सल्ला आज दिला जातो. तेथे परीक्षेचा उपयोग मनाई करण्यासाठी नसतो. त्यातल्या त्यात सुखाचा घास कोणता, हे शोधण्यासाठी असतो.

आपल्या देशात हे सर्व करणार कोण, असे आपण विचाराल. गिळण्याच्या दोषांचे प्रशिक्षण घेतलेले वाचा-उपचारतज्ज्ञ आपल्याकडे आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था तर 1965 सालापासून कार्य करीत आहे. परंतु त्यांची संख्या गरजेच्या मानाने फार तोकडी आहे आणि तालुक्याच्या गावी ते क्वचितच भेटतात. म्हणून काही करता येत नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातील 19 पक्षाघात-कक्षांपैकी काही कक्षांमध्ये परिचारिकांना ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीन गोष्टींची पद्धतशीर काळजी घेण्यास शिकवले गेले. त्याचा अहवाल 2011 साली प्रसिद्ध झाला. ज्या कक्षांत हे शिक्षण दिले गेले, तेथे 90 दिवसांनंतर मृत्यूचे किंवा परावलंबी होण्याचे प्रमाण 42 टक्के होते. इतरत्र ते 58 टक्के होते. हे श्रेय तिन्ही गोष्टींचे मिळून आहे, एकट्या गिळण्याच्या परीक्षेचे नव्हे. तरीही शिकलेली परिचारिका, एक चमचा, थोडे पाणी आणि नियमाने केलेले निरीक्षण यांतून किती साधते, हे त्यावरून दिसते.

ते शिक्षक पुढे बरे झाले. त्यांच्या नळीचा दुसरा निर्णय आम्ही घाई न करता घेतला. चित्रण झाले, दाट पदार्थांपासून सुरुवात झाली, दोन आठवडे नोंदवही भरली गेली आणि मग एके सकाळी नळी काढली. त्यांच्या मुलाने त्या वेळी पूर्वीसारखा आनंद केला नाही. तो खाटेजवळ बसून प्रत्येक चमच्यानंतर वडिलांना ‘आ’ म्हणायला लावत होता आणि कान देऊन ऐकत होता. तहानलेल्या माणसाला पाणी देणे हे आपण पुण्यकर्म मानतो, आणि ते तसे आहेच. आजाऱ्याच्या बाबतीत मात्र पाण्याचा पेला पुढे करण्यापूर्वी त्याचा घसा त्यासाठी तयार आहे का, हे आधी पाहावे, आणि आज तयार नसेल तर काही दिवसांनी पुन्हा पाहायला विसरू नये, एवढेच मला आज सांगायचे होते.